कानामागचा रंग

बाळ अकरा दिवसांचं होतं. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करून मी डबा घेऊन शेजारी गेले, तेव्हा पणजी खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसल्या होत्या आणि बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. मी समोर टेकले. त्यांनी बाळाचं डोकं अलगद एका कुशीला वळवलं, अंगठ्यानं कानाची वरची कड हलकेच दुमडली आणि मागची कातडी निरखून पाहिली. मग इवलीशी मूठ उलगडून नखांच्या मुळाशी पाहिलं. स्वयंपाकघरातून बाळाच्या आईचा आवाज आला, "ग्रॅनी, पुरे."

त्यांनी कान सोडला. "मी कुठं काय केलं?" म्हणाल्या.

त्या काय बघत होत्या हे मला कुणी सांगायला नको होतं. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचा रंग पहिले काही आठवडे फसवा असतो. मूल गुलाबी दिसतं, तांबूस दिसतं, आणि मग हळूहळू आपल्या खऱ्या रंगावर येतं. तो रंग काय असेल याचा अंदाज कानाच्या कडेवरून आणि नखांच्या मुळावरून घेतात. मिरजेच्या आमच्या घरी माझी आजी हेच करायची. आत्याच्या धाकट्याच्या बारशाआधी तिनं त्याचा कान असाच दुमडून पाहिला होता आणि म्हणाली होती, "आत्ता दिसतोय गोरा, पण कान बघा की. उतरणार रंग." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. नंतर आरशासमोर उभी राहून मी माझे कान पुढं ओढून बघायचा प्रयत्न केला होता. स्वतःच्या कानामागं स्वतःला पाहता येत नाही.

आम्ही मेरीलँडमध्ये प्रिन्स जॉर्जेस काउंटीत राहतो. वॉशिंग्टनला खेटून असलेला हा भाग. इथले निम्म्याहून जास्त लोक आफ्रिकन-अमेरिकन, आणि त्यांतले पुष्कळ जण सरकारी नोकरीतले, शिक्षक, वकील, डॉक्टर. चौदा वर्षांपूर्वी घर शोधत होतो, तेव्हा ओळखीतल्या मराठी मंडळींनी "त्या बाजूला कशाला?" असं विचारलं होतं. का नको, ते उघड कुणीच बोललं नाही. आम्ही इथंच घर घेतलं. पहिल्या हिवाळ्यात आमच्याकडं बर्फ ओढायचं फावडंसुद्धा नव्हतं, तेव्हा ज्यांनी नातवाला पाठवून आमच्या दारापुढची वाट मोकळी करून दिली, त्या ह्या पणजी. गल्लीतले सगळे त्यांना नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात. मीही तोंडानं तसंच म्हणते, मनात मात्र त्या आजी आहेत. वय 87. जन्म वॉशिंग्टनचा.

बाळाची आई आत झोपायला गेल्यावर मी त्यांना मिरजेच्या आजीची गोष्ट सांगितली. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुमच्यातसुद्धा?" मग मी बोटं मोडत आपले शब्द सांगितले. गोरीपान, उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, काळी. प्रत्येकाचा अर्थ त्यांनी विचारून घेतला. 'गव्हाळ' त्यांना फार आवडला. मग त्यांनी आपले मोजले. हाय येलो, रेडबोन, कॅरॅमल, चॉकलेट, आणि सगळ्यात शेवटी ब्लू-ब्लॅक, इतका काळा की उन्हात निळी झाक मारते. "हा माझा," म्हणाल्या. बाळ कुशीवर झोपलेलं होतं आणि आम्ही दोघी दोन भाषांतली एकच शिडी मोजत बसलो होतो.

ह्या भेदाला इंग्रजीत कलरिझम म्हणतात. लेखिका अॅलिस वॉकर यांनी 1982 साली एका लेखात हा शब्द वापरला आणि तो रुळला. एकाच वंशाच्या माणसांनी एकमेकांना केवळ रंगावरून उजवं-डावं करणं, असा त्याचा अर्थ. मराठीत ह्याला नेमका शब्द सापडत नाही. 'वर्णभेद' म्हणावं तर डोळ्यांसमोर गोरे विरुद्ध काळे येतात. शिवाय आपल्याकडं 'वर्ण' म्हटलं की रंगामागून जात येऊन उभी राहतेच. त्या दिवसापासून आमच्या दुपारच्या गप्पांना जे वळण लागलं ते लागलं. हे लिहितेय ते त्या गप्पांमुळं, आणि त्यांनी "लिही, मी काही आता लाजणार नाही" असं सांगितलं म्हणून.

ह्या शिडीचं मूळ शोधत मागं गेलं की 1662 साली येऊन थांबावं लागतं. त्या वर्षी व्हर्जिनिया वसाहतीनं कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. इंग्रजांच्या रिवाजात मूल बापाचं असायचं. इथं मुद्दाम उलट केलं. मालकानं गुलाम बाईवर जबरदस्ती केली आणि तिला मूल झालं, तर मालकाच्या मालमत्तेत एका माणसाची भर पडली. बाप म्हणून कुणी त्याच्याकडं बोट दाखवायचं नाही. आफ्रिकन-अमेरिकन घरांमधल्या उजळ छटा बऱ्याच अंशी इथून आल्या आहेत. ज्या रंगाचं चर्चमध्ये, लग्नात, मुलगी बघताना कौतुक झालं, त्या रंगाच्या मुळाशी कुणाची तरी खापरपणजी आहे, जिला नकार द्यायची सोय नव्हती.

व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळ टेकडीवर अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफर्सन याचं घर आहे, माँटिचेलो. आमच्याकडून गाडीनं अडीच-तीन तास. तिथल्या दक्षिण बाजूच्या बैठ्या खोल्यांपैकी एक सॅली हेमिंग्सची असावी असं मानतात. सॅली जेफर्सनची गुलाम, आणि त्याच्या बायकोची सावत्र बहीण. दोघींचा बाप एक. सॅलीची आईही एका इंग्रज कप्तानाची मुलगी. म्हणजे सॅलीला जेफर्सनपासून झालेली मुलं रक्तानं आठात सात हिस्से युरोपी. त्या वेळच्या व्हर्जिनियाच्या हिशोबानं ती गोऱ्यांत बसत होती, पण आई गुलाम म्हणून ती जन्मानं गुलामच. सहा मुलांतली चार जगली. पुढं त्यांना मोकळं केलं गेलं, आणि थोरला बेव्हर्ली आणि मुलगी हॅरिएट घर सोडून गोऱ्यांच्या जगात मिसळून गेले. त्यांचा भाऊ मॅडिसन काळ्यांमध्येच राहिला. त्यानं 1873 साली ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला आपली कहाणी सांगितली. तिच्यात तो म्हणतो की हॅरिएटनं वॉशिंग्टनमध्ये एका प्रतिष्ठित गोऱ्या माणसाशी लग्न केलं, त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही.

त्या खोलीत उभी असताना मला 1873 हे साल टोचत राहिलं. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं, आणि जोतीरावांनी ते गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना हे साम्य दिसलं होतं. आणि ओहायोत एक भाऊ बहिणीचं नाव गिळत होता, कारण ते उच्चारलं असतं तर तिचा संसार मोडला असता.

मालकाच्या रक्ताची सगळीच मुलं सुखात होती असं मुळीच नाही. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात उजळ रंगाच्या तरुण मुलींना जास्त किंमत येई, आणि ती कशासाठी येई हे लिहायला नको. पण काहींना कसब शिकवलं गेलं, काहींना मालकानं मरताना मुक्त केलं. त्यामुळं 1865 साली गुलामगिरी संपली, तेव्हा ज्यांच्याकडं आधीच अक्षरओळख, धंदा आणि स्वतःच्या चार भिंती होत्या, त्यांच्यात उजळ माणसं संख्येच्या मानानं फार होती. पुढच्या पिढीला ती शाळा, ती जमीन आणि तो रंग असं सगळं एकत्रच वारशात मिळालं. रंग म्हणजे घराणं असं वाटायला लागलं ते ह्यातून.

सरकारनंही हिशोब ठेवलाच. 1850 पासून जनगणनेत 'मुलाटो', म्हणजे मिश्र रक्ताचे, हा रकाना आला, आणि 1890 साली तर चौथा हिस्सा काळा, आठवा हिस्सा काळा असे वेगळे रकाने होते. मोजणारा दारात उभा राहून नुसत्या नजरेनं ठरवायचा.

साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहराची एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. 1790 साली तिथल्या स्वतंत्र, मिश्र रक्ताच्या काही पुरुषांनी 'ब्राउन फेलोशिप सोसायटी' स्थापन केली. कारण अगदी साधं आणि दुःखाचं होतं. ज्या चर्चमध्ये ते प्रार्थनेला जात, त्या चर्चच्या आवारात त्यांना पुरून घेत नव्हते. म्हणून त्यांनी पैसे जमवून स्वतःची दफनभूमी घेतली, विधवांना मदत केली, मुलांच्या शिक्षणाची सोय केली. सभासद पन्नासच घ्यायचे असा नियम होता. आणि ह्या, स्वतः दारातून परत पाठवल्या गेलेल्या माणसांनी आपल्या दारात काळ्या रंगाच्या स्वतंत्र माणसांना येऊ दिलं नाही. शेवटी 1843 साली थॉमस स्मॉल्स यांनी गडद रंगाच्या स्वतंत्र माणसांची वेगळी संस्था काढली. मेल्यावर कुठं पुरायचं ह्यावरून सुरू झालेली ही गोष्ट. आपल्या गावांत जातीजातींच्या स्मशानभूमी वेगळ्या असतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. चार्ल्सटनची गोष्ट वाचताना माझं मन आपसूक तिकडं गेलं.

आजींच्या घरी दोघी बहिणी. थोरली लोण्याच्या रंगाची, आणि धाकट्या ह्या. "एकाच आईबापांच्या," त्या ठासून सांगतात, कारण लहानपणी लोक विचारायचे. दर शनिवारी संध्याकाळी आई ह्यांना स्टुलावर बसवून कोपरांवर आणि गुडघ्यांवर लिंबाची फोड घासायची. नंतर चेहऱ्याला डबीतलं क्रीम. काळ्यांनी काळ्यांसाठी काढलेल्या वर्तमानपत्रांत अशा क्रीमच्या पानभर जाहिराती असायच्या. पुढच्या पानावर लिंचिंगविरुद्धचा जळजळीत मजकूर आणि मागच्या पानावर 'रंग उजळा, आयुष्य उजळेल' अशा धर्तीची जाहिरात. त्यांतल्या कित्येक क्रीममध्ये पारा असे, आणि 1970 च्या दशकापर्यंत तो कुणी बंद केला नाही. क्रीमनंतर केस. शेगडीवर तापवलेला लोखंडी कंगवा, केसांना चोपडलेली चरबी, जळका वास. मानेवरच्या, सगळ्यात कुरळ्या केसांना त्यांच्यात 'किचन' म्हणतात. तिथं कंगवा पोचायचा तेव्हा हमखास चटका बसायचा. "कान धर," आई म्हणायची, आणि ह्या स्वतःच्या हातानं कान दुमडून धरायच्या.

मी एकदा विचारलं, "तुम्हाला आईचा राग यायचा का हो?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आई एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करायची. पुढं गिऱ्हाइकांसमोर लिफ्ट चालवायला ज्या काळ्या मुली ठेवत, त्या सगळ्या माझ्या बहिणीच्या रंगाच्या. आईनं रोज बघितलं होतं ते. तिला वाटायचं, एक छटा कमी झाली तर एक दार जास्त उघडेल. तिचं चुकत होतं का, सांग."

मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडं डाळीचं पीठ, हळद आणि साय कालवून पोरीच्या तोंडाला लावणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. माझी आईही त्यांतलीच. तिनं ते लावताना कधी मला घालूनपाडून बोललेलं नाही. उलट तेवढाच वेळ ती फक्त माझी असायची. थोरल्या ताईला त्याची गरज नव्हती. ताईच्या वाट्याला न आलेली आईची बोटं माझ्या वाट्याला आली. म्हणूनच हा भेद मनातून उपटणं इतकं अवघड जातं. तो शिवीसारखा बाहेरून आला असता तर झटकून टाकता आला असता. तो आईच्या हातातून आला, माया म्हणून आला.

अंगणात दोरीच्या उड्या मारताना मुली एक यमक म्हणत. गोरी असशील तर ठीकच, तपकिरी असशील तर थांब जरा, काळी असशील तर मागं हो. आजी अजून ते ठेक्यात म्हणून दाखवतात. कागदी पिशवीची गोष्टही त्यांनीच सांगितली. वाण्याकडून मिळते तसली तपकिरी पिशवी चर्चच्या दारावर लावलेली, तिच्याहून उजळ असाल तर आत. असा नियम कुठल्या कागदावर लिहिलेला क्वचितच सापडतो. ही तोंडातोंडी चालत आलेली आठवण आहे. पण वॉशिंग्टनच्या जुन्या काळ्या घरांतून ती ज्या त्या म्हाताऱ्या माणसाला ठाऊक आहे. त्यांच्या लहानपणीच्या चर्चमध्ये पिशवी नव्हती, असं आजी सांगतात. "पिशवीची गरजच नव्हती. मुलांच्या गायनात बहीण पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. आवाज माझा चांगला होता."

ह्याविरुद्ध कुणी बोललंच नाही असं नाही. नॅनी हेलन बरोज ह्या वॉशिंग्टनमध्येच वाढलेल्या बाई. पुढं 1909 साली त्यांनी इथं काळ्या मुलींसाठी शाळा काढली. रंग फार काळा म्हणून त्यांना इथल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी नाकारली गेली असं सांगतात. 1904 साली, पंचविशीत असताना, त्यांनी रंगापेक्षा चारित्र्य मोठं अशा अर्थाचा लेख लिहिला. गोऱ्यांना जितकी काळ्यांची ॲलर्जी आहे तितकीच आपल्यातल्या पुष्कळांना काळ्या रंगाची आहे, असं त्यांनी आपल्याच पुरुषांना तोंडावर सुनावलं. चेहरा पांढरा करत बसणाऱ्या बायकांना त्या म्हणाल्या, बदलायला हवं ते मन. 1904 साली! आणि तरी आजींच्या आईनं 1940 च्या दशकात लिंबाची फोड हातात घेतलीच. लेख वाचून इस्त्रीच्या खोलीतून पुढच्या दालनात जाता येत नव्हतं.

आजींकडं एक अल्बम आहे. त्यात त्यांच्या आईच्या धाकट्या बहिणीचा फोटो आहे. फुलांचा हॅट, पातळ ओठ, फिकट डोळे. ही मावशी साधारण 1946 साली 'गेली'. गेली म्हणजे वारली नव्हे. दुसऱ्या शहरात जाऊन गोरी म्हणून राहू लागली. ह्याला त्यांच्यात 'पासिंग' म्हणतात. मुलांना बजावून ठेवलं होतं, मावशी कधी रस्त्यात दिसली तर ओळख दाखवायची नाही. एकदा दिसली. आजी दहा वर्षांच्या होत्या, आईचा हात धरून ट्रॅमची वाट बघत होत्या. समोरच्या फुटपाथवरून मावशी आली, एका गोऱ्या बाईशी बोलत. आईनं हात इतका घट्ट दाबला की बोटं दुखली. मावशी पुढं गेली. ट्रॅम आली. घरी पोचेपर्यंत दोघी काही बोलल्या नाहीत. ती मावशी वारल्याचं पत्र नंतर केव्हातरी आलं, तेही निनावी.

उजळ रंगाची माणसं म्हणजे पळून जाणारी, असं मात्र कुणी समजू नये. मेरी चर्च टेरेल सहज गोऱ्या म्हणून खपल्या असत्या. तरी त्या आयुष्यभर काळ्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, आणि 1950 साली, वयाच्या 86 व्या वर्षी, वॉशिंग्टनमधल्या एका खाणावळीत मुद्दाम जेवायला गेल्या. वाढायला नकार मिळाला. त्यांनी खटला लावून धरला, आणि जून 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं वॉशिंग्टनची हॉटेलं सगळ्यांना खुली झाली. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे वॉल्टर व्हाइट यांचे केस सोनेरी आणि डोळे निळे होते. त्या रूपाचा उपयोग करून ते दक्षिणेत लिंचिंगचा तपास करायला जात, जिवावर उदार होऊन. त्यांचे वडील अटलांटात पोस्टमन होते. 1931 साली त्यांना मोटारीनं उडवलं. गोरे समजून त्यांना इस्पितळाच्या गोऱ्यांच्या भागात ठेवलं, उपचार सुरू झाले. मग गडद रंगाचे जावई त्यांना शोधत आले, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं. बेशुद्ध म्हाताऱ्याला उचलून पावसातून रस्त्यापलीकडच्या काळ्यांच्या वॉर्डात हलवलं. काही दिवसांनी ते गेले. जावयाच्या चेहऱ्याच्या रंगानं सासऱ्याचा रंग ठरला.

बाहुल्यांच्या प्रयोगाबद्दल पुष्कळांनी ऐकलं असेल. केनेथ आणि मेमी क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ जोडपं. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 शिकले, त्याच विद्यापीठातून मेमी यांनी 1943 साली डॉक्टरेट घेतली. हार्लेम ह्या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या दुकानातून आणलेल्या पन्नास पन्नास सेंटच्या बाहुल्या, दोन गोऱ्या आणि दोन तपकिरी, बाकी सगळं सारखं. तीन ते सात वयाच्या 253 काळ्या मुलांसमोर त्या ठेवल्या. कुठली खेळायला हवी म्हटल्यावर 67 टक्के मुलांनी गोरी उचलली. वाईट कुठली दिसते म्हटल्यावर 59 टक्के मुलांनी तपकिरी दाखवली. 1954 साली शाळांतलं विभाजन बेकायदा ठरवताना सर्वोच्च न्यायालयानं ह्या कामाचा दाखला दिला, आणि गोष्ट बहुधा तिथंच संपवली जाते. पण क्लार्क दांपत्यानं मुलांची उजळ, मध्यम, गडद अशी नोंदही ठेवली होती. तुझ्यासारखी कुठली, असं विचारल्यावर गडद मुलांतल्या बहुतेकांनी तपकिरी बाहुली दाखवली. उजळ मुलांत पाचातल्या एकानंच. त्यांनी मुलांना रंगखडू देऊन स्वतःचं चित्रही रंगवायला सांगितलं. काहींनी स्वतःला आहे त्याहून फिकट रंगवलं. काहींनी भलताच रंग घेतला.

मी हे आजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या उजळ पोरांना कसं वाटलं असेल गं? तपकिरी दाखवली तर खोटं, गोरी दाखवली तरी खोटं." त्यांच्या बहिणीबद्दल त्या बोलत होत्या, हे मला उशिरा कळलं. बहिणीला शाळेत मुली मारायच्या, वेणी ओढायच्या, स्वतःला समजतेस कोण, म्हणायच्या. घरी ती लाडकी आणि रस्त्यावर परकी. 1983 साली व्हेनेसा विल्यम्स ही पहिली काळी मिस अमेरिका झाली, तेव्हा हिला काळी कशी म्हणायची, हिचे डोळे बघा, असंही लोक बोलले. बहिणीनं त्या दिवशी टीव्ही बंद केला होता.

मग साठचं दशक. 28 जानेवारी 1962 ला हार्लेममध्ये काळ्या मुलींचा एक कार्यक्रम झाला, सगळ्या गडद रंगाच्या, केस न सरळ केलेल्या, आफ्रिकी कपड्यांतल्या. 'ब्लॅक इज ब्यूटिफुल' ही हाक तिथून घराघरांत गेली. आजींच्या लेकीनं 1969 साली केस मोकळे, कुरळे, भलेथोरले वाढवले. आजींची आई नातीला बघून रडली. "इतकी वर्षं मी भाजून घेतलं हाताला," म्हणाली.

बाळाची आई म्हणजे ह्या लेकीची लेक. वकील आहे. आजींच्या रंगावर गेली आहे. तिला विचारलं तर ती हे सगळं जुनंपुराणं म्हणून टाळत नाही. "डार्क असूनही सुंदर आहेस," हे वाक्य तिनं शाळेपासून ऐकलं, आपल्याच मुलांकडून. आपल्याकडं 'काळी असली तरी नाकीडोळी नीटस' म्हणतात ना, शब्दाला शब्द तेच. तिनं मला एक अभ्यास दाखवला. नॉर्थ कॅरोलिनाच्या तुरुंगांत 1995 ते 2009 ह्या काळात गेलेल्या 12,158 काळ्या स्त्रियांच्या नोंदींचा. उजळ म्हणून नोंदवलेल्या स्त्रियांना सुमारे 12 टक्के कमी शिक्षा झालेल्या होत्या. "ग्रॅनीच्या आईचं चुकत नव्हतं," ती म्हणाली, "हीच तर चीड आहे." बाळाच्या खोलीत तिनं एकही गोरी बाहुली येऊ दिलेली नाही. कान बघायचे नाहीत हा नियमही तिचाच.

आपला आणि त्यांचा इतिहास एक नाही, हे मी स्वतःला बजावत असते. माझ्या खापरपणजीला कुणी लिलावात विकलं नाही. आपल्याकडची रंगाची ओढ जातीशी, उन्हात राबणाऱ्या आणि सावलीत बसणाऱ्या माणसांमधल्या अंतराशी बांधलेली आहे, आणि तिचा हिशोब आपला आपल्यालाच द्यायचा आहे. तो अजून दिलेला नाही. इथल्या मराठी घरांत लग्नाच्या माहितीपत्रकात 'वर्ण: गोरा' अजून छापलं जातं, आणि तीच माणसं "त्या बाजूला कशाला" म्हणतात. ही दोन वाक्यं एकाच तोंडून येतात हे मला इथं राहायला लागल्यावर दिसलं. मिरजेत राहिले असते तर दिसलं नसतं. माझ्याही पत्रकात आईनं 'गव्हाळ' लिहिलं होतं. मी सावळी आहे. आईनं ते एका शब्दापुरतं उजळवून घेतलं.

गेल्या महिन्यात भावाला मुलगी झाली. कोल्हापूरला. व्हिडिओ कॉलवर सगळे एकदम बोलत होते. आईनं फोन हातात घेतला आणि बाळाजवळ नेला. "हे बघ," म्हणाली, आणि कॅमेरा चेहऱ्यावरून सरकवत कानाकडं नेला, अंगठ्यानं कड दुमडली. मी पुढं झुकले. डोळे बारीक करून पाहिलं. मग भान आलं, आणि आईला म्हटलं, "आई, कान सोड तिचा." आई म्हणाली, "अगं, मी कुठं काय केलं?"

दुसऱ्या दिवशी हे सांगायला शेजारी गेले. आजी खुर्चीत होत्या, पणतू आता उभं राहायला शिकलाय, तो त्यांच्या गुडघ्याला धरून झोके घेत होता. बाळ झालं, मुलगी आहे, आई सुखरूप आहे, असं सांगितलं. त्यांनी हात जोडले, देवाचं नाव घेतलं. मग सहज विचारलं, "कुणावर गेलीय? रंग कसा आहे?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्या थांबल्या. हात ओठांवर गेला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. पणतवानं गुडघा सोडला, पुन्हा धरला.

"वजन," त्या म्हणाल्या, "वजन किती आहे म्हणालीस?"

"तीन किलो दोनशे."

"मला पौंडात सांग."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. "सात पौंड."

"सात पौंड," त्या पणतवाला म्हणाल्या, "ऐकलंस? सात पौंडांची आहे."